शनिवारचा पिक्चर, भिंतीवर: बडोद्यातल्या एका हॉलच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ताई आली होती, जेवणं झाली, श्रीखंड जरा जास्तच झालं आणि टूम निघाली की सगळ्यांनी मिळून एक मराठी पिक्चर बघू. पावणेदहाला टीव्ही लावला. ताई म्हणे हा बघू, बायको म्हणे तो झालाय बघून, लेक म्हणे सबटायटल आहेत का, आई म्हणे मला ऐकूच येत नाही तर मला कशाला विचारता. साडेदहाला आई झोपायला गेली, ताई सोफ्यावरच पेंगली, आणि आम्ही तिघं नुसते ट्रेलर बघत बसलो. पिक्चर शून्य.

त्यातून हे निघालं. दर शनिवारी एक पिक्चर, तो शुक्रवारीच ठरवायचा, नऊच्या आत सुरू करायचा, भिंतीवर मोठा दिसला पाहिजे, आणि शेजारच्यांनाही बोलवायचं. ऑफिसातल्या दोघांना असंच करायचंय म्हणून लिहून ठेवतोय, माझे पैसे जिथे बुडाले तिथे त्यांचे तरी बुडू नयेत.

प्रेक्षक असे. आई, ७६, कानाला मशीन. बायको, माहेर नडियादचं, मराठी सगळं कळतं. लेक आठवीत, मराठी बोलते फडाफडा पण देवनागरी वाचताना बैलगाडी. शेजारच्या बेन, गुजराती, पण आख्खा जन्म दांडिया बाजारात, बडोद्यातल्या मराठी वस्तीत, गेलेला, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आणि वरचे काका, रिटायर्ड, प्रत्येक गोष्टीवर मत.

१६ नोव्हेंबर

प्रोजेक्टर आला. ५,९९९ रुपये, दिवाळी सेल, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात फोरके. पहिला पिक्चर किल्ला. अविनाश अरुणचा, बर्लिनला २०१४ मध्ये क्रिस्टल बेअर मिळालेला. बाप गेलेला मुलगा, आईची कोकणात बदली, नवी शाळा, नवी पोरं, समुद्र, पाऊस. दिग्दर्शक स्वतःच कॅमेरामन आहे त्यामुळे अर्धी गोष्ट तर उजेडातच सांगितलीय.

आणि आमच्या भिंतीवर तो उजेडच नव्हता. मुलगा पावसात किल्ल्यावर एकटा पडतो तो प्रसंग म्हणजे आम्हाला राखाडी चौकोनात एक जास्त राखाडी ठिपका. काका म्हणाले, "यात मुलगा कुठाय?" अर्ध्या तासात बंद केला.

रात्री खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला. फोरके 'सपोर्ट' म्हणजे फोरकेची फाइल तो आत घेतो, दाखवतो मात्र त्याच्या स्वतःच्या ८५४ बाय ४८० ठिपक्यांमध्येच. बघायचं ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे मशीनचे स्वतःचे ठिपके किती, बाकी सगळी सजावट. उजेडाचंही तेच, नुसते 'लुमेन' लिहिलेले हजारात असतात आणि त्याला काही अर्थ नाही, 'अँसी लुमेन', म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा, सांगत नसतील तर पुढच्या दुकानात जा.

सोमवारी परत पाठवला. पैसे आले, पण खोकं मी आधीच भंगारवाल्याला दिलेलं, त्यामुळे नवीन पॅकिंग आणि कुरिअर मिळून ३१० गेले. शिकवणी: महिनाभर खोकं टाकू नका.

२३ नोव्हेंबर

दुसरा प्रोजेक्टर शुक्रवारी आला, १४,२०० रुपये, नेटिव्ह १०८०पी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके. बायकोला किंमत हप्त्याहप्त्याने सांगितली.

आमच्या हॉलची भिंत पिस्ता रंगाची आहे. त्यावर माणसं काविळ झाल्यासारखी दिसतात हे शुक्रवारी रात्री कळलं. चादर लावली तर चुण्या, प्रत्येकाच्या कपाळाला आठी. म्हणून शनिवारी सकाळी मंगळ बाजारात जाऊन पडद्याचं पांढरं ब्लॅकआउट कापड आणलं, २२० रुपये मीटर, अडीच मीटर. कापडाचा पन्हा ५४ इंच आणि मला पडदा हवा पावणेदोन मीटर रुंद, म्हणून टेलरकडून मधोमध कापून दोन तुकडे शेजारी शेजारी जोडून घेतले, ८० रुपये शिलाई. हुशारी वाटली होती.

पिक्चर हरिश्चंद्राची फॅक्टरी. शिवण बरोब्बर पडद्याच्या मध्यावर. नंदू माधवांचे फाळके जिथे जिथे मधे उभे राहतात तिथे नाकावरून टाका. रविवारी सकाळी आंघोळ करताना डोक्यात उजेड पडला की कापड आडवं धरलं असतं तर पन्हाच उंची झाला असता! ५४ इंच म्हणजे १३७ सेंटिमीटर, ८० इंची पडद्याला उंची लागते फक्त १०० सेंटिमीटर, लांबी २ मीटर घेतली की झालं, शिवण नाहीच. सोमवारी परत ४४० रुपये. आधीच्या तुकड्यांचा आता इस्त्रीचा ओटा झालाय.

पण पिक्चर, अहाहा. परेश मोकाशीचा पहिलाच, २००९ चा, ऑस्करला भारतातर्फे गेला होता. मला भीती होती की फाळक्यांवरचा पिक्चर म्हणजे हार घातलेला फोटो असणार, तर हा माणूस कपाटं विकतोय, बायको हसतेय, पोरं पळतायत, बाई मिळेना म्हणून स्वयंपाक्याला तारामती करतायत, सगळं घर मिळून एक वेडेपणा चाललाय. आमच्या हॉलला लगेच पटला, कारण आमच्याकडे तरी काय चाललंय.

मधे काका उभे राहिले आणि खिडकीकडे हात करून म्हणाले की हे फाळके इथे शिकलेत, आपल्या कलाभवनात. खरंय ते. मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला होते, मग १८९० च्या सुमारास बडोद्याला, सयाजीरावांचं कलाभवन तेव्हा नवं कोरं. चित्रकला, फोटोग्राफी हे सगळं तिथलं. पिक्चरमध्ये हा भाग नाही, तो १९११ च्या आसपास मुंबईतच सुरू होतो. लेक रोज त्या घुमटांच्या इमारतीवरून सायकलने क्लासला जाते, तिला पत्ता नव्हता. मलाही नव्हता, काकांसमोर मी मान हलवली फक्त.

लेकीला मात्र फाळके नाही, वाटाणा आवडला. फाळक्यांनी आधी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची फिल्म केली होती, रोज थोडी थोडी, पैसे लावणाऱ्यांना दाखवायला. म्हणे मी पण करणार. बाल्कनीत दह्याच्या डब्यात दोन दाणे पेरलेत आणि माझा जुना फोन स्टँडला बांधून ठेवलाय. रोज सकाळी एक फोटो, संध्याकाळी एक. चार दिवसात विसरेल असं मी इथे लिहून ठेवतो.

३० नोव्हेंबर

आज कोर्ट. चैतन्य ताम्हाणे, २०१४, व्हेनिसला दोन बक्षिसं आणि मग राष्ट्रीय पुरस्कारातला सर्वोत्कृष्ट चित्रपट. मी घाबरतच लावला कारण कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि माणसं बोलतायत, एवढंच. गटारात कामगार मेला, लोकशाहिरावर आरोप की तुझ्या गाण्यामुळे त्याने जीव दिला, आणि मग तारखा. आईला ऐकायला अवघड जाईल वाटलं होतं.

आवाजाचं आधी सांगतो. ब्लूटूथ स्पीकर लावला होता, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, जज्ज बोलून गप्प झाला की मग त्याचा आवाज. वीस मिनिटं सेटिंगमध्ये घातली. उपाय १५० रुपयाचा, साधी ऑक्सची वायर. वायरीतून आवाज लगेच जातो, ब्लूटूथमध्ये रेंगाळतो, महागड्या स्पीकरचाही थोडा रेंगाळतोच. पिक्चरसाठी वायर, गाण्यांसाठी ब्लूटूथ, विषय संपला.

आता पिक्चर. यात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती चारही आहेत हे मी विसरलो होतो. बचावाचा वकील व्होरा, गुजराती घरातला. आईबापाकडे जेवायला जातो आणि ते लग्नावरून त्याचं डोकं खातात, तेव्हा बेन इतक्या हसल्या की त्यांचं पाणी सांडलं. "आ तो अमारा घरनुं ज छे." बायको पण खूश. पुढे सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णी, दिवसभर कोर्टात कायदा वाचून संध्याकाळी पोराला घेऊन घरी येते आणि भात लावते, ते आईला एवढं पटलं की म्हणाली बाई दमली गं. आणि मग ती कुटुंबासकट मराठी नाटकाला जाते. नाटकात बाहेरून आलेल्या लोकांवर विनोद आणि सगळं थिएटर हसतंय.

आमच्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी पडद्याकडे. आम्ही इथे चार पिढ्या गुजरातेत राहतो, गायकवाडांच्या काळात आलेले, म्हणजे आमच्यावर कोणी नाटक काढायचं तर तिथे खुर्चीत कोण आणि स्टेजवर कोण? बेन म्हणाल्या, चालू द्या, पुढे बघू. बास, एवढंच बोलणं. पण पिक्चर थिएटरात बघितला तेव्हा हा प्रसंग मला असा टोचला नव्हता, तेव्हा शेजारी अनोळखी लोक होते.

शेवटी फजिती. सुट्ट्या लागायच्या आधी कोर्ट रिकामं होतं, दिवे एकेक बंद होतात आणि पडदा काळाच राहतो, बराच वेळ. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं लाइट गेली. काका उठले आणि अंधारात चाचपडत जाऊन त्यांनी खरंच मेन स्विच खाली केला, चेक करायला. प्रोजेक्टर बंद, राउटर बंद, बेनच्या मांडीवर शेंगांचा डबा पालथा. चालू करून परत ती जागा शोधण्यात बारा मिनिटं गेली. पिक्चर तिथे संपत नाही, पुढे अजून एक तुकडा आहे आणि तो बघायलाच पाहिजे, त्यामुळे कोर्ट लावणार असाल तर आधीच सांगून ठेवा की काळोख पिक्चरचा आहे, एमजीव्हीसीएलचा (आमची वीज कंपनी) नाही.

७ डिसेंबर

चूक माझी, साफ माझी. श्वास लावला. २००४ चा, संदीप सावंतांचा, श्यामची आई नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिलेला. मला एवढंच आठवत होतं की आजोबा आणि नातू. नातवाच्या डोळ्यात कॅन्सर असतो आणि जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, हे आठवत होतं पण डोक्यात पेटलं नाही. काकांची सोमवारी रेटिनाची अपॉइंटमेंट होती. पडद्यावर डॉक्टर समजावून सांगतोय आणि इकडे काका चष्मा पुसतायत. मी थांबवायला रिमोट घेतला तर काकाच म्हणाले, "असू दे रे, बघतोय मी, अजून दिसतंय तोवर."

अरुण नलावडे आजोबा म्हणून कसे बसतात, कसे उठतात, ते बघा. ऑपरेशनच्या आधी ते पोराला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढून शहर दाखवायला नेतात, तिथे आमच्याकडे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पिक्चर वीस वर्ष जुना, प्रिंट तशी मऊ, काही फरक पडत नाही. जरूर बघा, पण आधी प्रेक्षकांपैकी कोण कुठल्या डॉक्टरकडे जातंय ते विचारा. हे मी गंमतीत लिहीत नाहीये, तेव्हापासून शुक्रवारी बायको मला कथा विचारते आणि मगच मंजुरी देते.

(काकांचं ठीक निघालं. थेंब दिलेत.)

१४ डिसेंबर

लग्नं. सगळे कुठे कुठे गेलेले. मी एकट्याने रात्री अकराला द डिसायपल बघितला, ताम्हाण्यांचाच, २०२० चा. शास्त्रीय गाणं शिकणारा मुलगा, रियाज करतोय, करतोय, आणि हळूहळू कळतंय की आपण त्या उंचीचे नाही. फैयाझ खाँसाहेब जिथे दरबारी गवई होते त्या बडोद्यात राहून गाण्याच्या क्लासला तीन वर्ष जाऊन काहीच न जमलेल्या माणसाने हा एकट्याने बघू नये. किंवा एकट्यानेच बघावा. हेडफोन लावून, तानपुरा दोन्ही कानात. हॉलमध्ये पाच जणांत, शेंगा खात, हा पिक्चर मरेल. बायको परत आल्यावर तिला दहा मिनिटं दाखवला, नायक रात्री मोटरसायकलवर हळूहळू जातोय, मागे तानपुरा, ती चौथ्या मिनिटाला झोपली आणि मी तिला दोष देत नाही.

एक टेक्निकल. ॲपवर पैसे भरून पण चित्र धुरकट येत होतं. प्रोजेक्टरच्या आतलं ॲप चालतं पण बऱ्याच स्वस्त मशीनना वाइडवाइनचं (पिक्चरची चोरी रोखणारं कुलूप) एल१ सर्टिफिकेट नसतं, मग ॲप त्यांना एचडी देतच नाही, हलक्या दर्जाचंच पाठवतं. मी जुना लॅपटॉप एचडीएमआयने जोडला, ५ मीटरची वायर ४५० रुपये. लॅपटॉप सोफ्यामागे, वायर गालिच्याखालून. आई दोनदा अडखळली, आता वरून टेप मारलीय.

२१ डिसेंबर

आईची पाळी. चिठ्ठी काढायची पद्धत सुरू केलीय, स्टीलच्या डब्यात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी, ज्याची निघेल त्याची निवड. आई म्हणाली संत तुकाराम. प्रभातचा, १९३६. लेकीचा चेहरा पडला, मी पण मनात म्हटलं आज साडेनऊला सगळे घरी.

झालं उलटंच. कानाला मशीन लावूनही आईला नव्या पिक्चरमधलं निम्मं ऐकू येत नाही, मागे म्युझिक, गाड्या, पाऊस, त्यात माणसं पुटपुटतात. या अठ्ठ्याऐंशी वर्ष जुन्या पिक्चरमध्ये माणूस बोलतो तेव्हा दुसरं काही वाजतच नाही. खरखर आहे, पण शब्द खणखणीत. आईने पहिल्यांदा "काय म्हणाला?" विचारलं नाही. अभंग आला की पडद्याबरोबर म्हणत होती. चित्र चौकोनी, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्या, ताणून पडदाभर केलं की विष्णुपंत पागनीस गलेलठ्ठ होतात, मी करून बघितलं, आई ओरडली.

आणि ती जिजाई! गौरी नावाची नटी. नवरा देवाच्या नादी लागलाय, घरात दाणा नाही, ही म्हशीशी बोलते, पोरांना सांभाळते आणि सरळ विठोबाला शिव्या घालते. लेक तिच्यावर फिदा. व्हेनिसला १९३७ मध्ये याचं कौतुक झालं होतं हे मी सांगितलं तर कोणी ऐकेना, सगळे म्हैस बघत होते.

घरात ऐकायला कमी येणारं माणूस असेल तर माझा सल्ला, नवे मोठे पिक्चर सोडा, जुन्यात जा. एवढी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर महिना वाचला असता.

२८ डिसेंबर

अगाशीवर. गच्ची म्हणत नाही आम्ही. पीव्हीसी पाइप आणि एल्बो, ५२० रुपये, फ्रेम तासाभरात झाली, क्लिपा ६० रुपयाच्या. पिक्चर वाळवी, मोकाशींचाच, २०२३. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा प्लॅन करतात, आणि मग प्लॅनलाच वाळवी. यापुढे एक शब्द सांगणार नाही, फोन बाजूला ठेवून बघा, पावणेदोन तास जातात कुठे कळत नाही.

साडेआठला वारा सुटला आणि पडद्याचं शीड झालं. सुबोध भावे पोटात घेतल्यासारखे आत बाहेर. फ्रेमला खाली विटा ठेवल्या तरी वरून वाकत होती. शेवटी कापडात खाली चार आडव्या चिरा दिल्या, वारा जायला, आणि काका एका बाजूचा पाइप धरून बसले, पूर्ण पिक्चर, स्वेटर घालून. तिथून त्यांना पडदा तिरका दिसत होता तरी सगळ्यात मोठ्याने तेच हसत होते. शाल, उसळ, चहा दोनदा. आतापर्यंतचा सगळ्यात हिट शनिवार.

११ जानेवारी २०२५

परत अगाशी. माझ्या अकलेचा नमुना, उत्तरायणाला (आपली संक्रांत) तीन दिवस असताना बडोद्यात अगाशीवर पिक्चर. चारी बाजूंना स्पीकर, पतंगवाले सरावाला आलेले, सूर्य सव्वासहाला मावळला तरी पाऊण तास आभाळ उजेड सोडत नाही आणि सातनंतर कंदील सोडणारे सुरू. एक कापलेला पतंग आला, मांजा फ्रेमला अडकला, पलीकडच्या अगाशीवरच्या पोराने ओढला, आणि आडव्या चिरांपैकी एक चीर थेट कडेपर्यंत फाटली. ते पोरगं वर "सॉरी अंकल, पतंग आपो ने." दिला.

कुठला पिक्चर होता ते लिहीत नाही, वीस मिनिटं पण झाली नाहीत, त्याच्यावर अन्याय होईल.

मागून चिकटपट्टी लावली, ४० रुपये. एकूण खर्च मांडला: १४,२०० प्रोजेक्टर, कापड दोनदा मिळून ९९०, शिलाई ८०, पाइप ५२०, क्लिपा ६०, वायरी ६००, कुरिअर ३१०, पट्टी ४०. सोळा हजार आठशे. त्यातले पहिलं कापड, शिलाई, कुरिअर मिळून ९४० निव्वळ माझ्या घाईचे. शेंगा आणि चहा धरलेला नाही, तो हिशोब बायकोकडे आहे आणि तिने दाखवला नाही.

२५ जानेवारी

खाली हॉलमध्ये. बेनची चिठ्ठी निघाली, त्यांनी छेल्लो शो सांगितला. पॅन नलिनचा, गुजराती, हाही ऑस्करला गेलेला. सौराष्ट्रातला पोरगा, सिनेमाच्या खुळाने शाळा बुडवतो, आईने दिलेला डबा प्रोजेक्टरवाल्या फजलला देतो आणि त्याच्या बदल्यात केबिनमधून पिक्चर बघतो. मित्र मिळून रिळं पळवतात, स्वतःचं मशीन जुळवतात, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी वळून माझ्या सोफ्यामागच्या वायरींकडे बघितलं. नंतर जुनी मशीनं वितळवून चमचे होतात आणि रिळांच्या बांगड्या. बेन आपल्या हातातल्या बांगड्या फिरवत बसल्या होत्या. उपाशी बसू नका हे आधीच सांगतो, त्यातली आई जे काही करते, भरलेली भेंडी वगैरे, ते कॅमेऱ्याने इतक्या जवळून घेतलंय की काका मध्येच विचारायला लागले आज जेवणात काय होतं. शेवटाकडे जरा लांबलाय, दहा मिनिटं कमी चालली असती. तरी मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना आधी हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि मग लगेच पुढच्या शनिवारी हा, असंच सांगितलंय.

पण त्याच्या आधी लेकीची फिल्म झाली. नोव्हेंबरात मी लिहिलं होतं चार दिवसात विसरेल. बासष्ट दिवस, रोज दोन फोटो, त्यात परीक्षेचे आणि उत्तरायणाचे मिळून अठ्ठावीस चुकले, राहिले ९६. सेकंदाला बारा, म्हणजे आठ सेकंद. डबा, माती, कोंब, वेल, वेल काठीला गुंडाळतो, एक पांढरं फूल, दोन शेंगा, संपलं. मधे एका फोटोत मांजर. तीन फोटोंत तांब्या धरलेला आईचा हात, कारण पाणी तीच घालत होती आणि लेकीने तिला कधी बाजूला हो म्हटलं नाही. आईने विचारलं, माझा हात एवढा म्हातारा दिसतो? काका म्हणाले प्रोजेक्टरच खराब आहे.

पाच वेळा लावली. छेल्लो शो नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला, नियमाबाहेर. एचडीएमआयची पिन सैल झालीय, वायर जरा हलली की चित्र जातं, सोमवारी नवीन आणतो.